रोट संपले की येते

त्या पहाटे धुळ्यात पाणी आलं होतं. आमच्या खानदेशात हे समजावून सांगावं लागत नाही, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते : इथं नळाला पाणी येणं ही बातमी असते. आठ-आठ दिवसांनी येतं, कधी पहाटे, कधी भरदुपारी. म्हणून माणसं नळाला पाइप लावून, पाइप पिंपात सोडून, नळ उघडा ठेवून झोपतात. पाणी पडायचा आवाज झाला की उठायचं. इंदूअक्काही तेच करायची. त्या पहाटे पाणी आलं, पिंप भरलं, वाहिलं, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आणि तिथून दाराखालून जिन्यावर आलं. खालच्या मजल्यावरच्या सुमनताई झाडू घेऊन वर गेल्या त्या चिडूनच. "अहो अक्का, पाणी चाललंय ना बठ्ठं, सगळं वाया!" म्हणत त्यांनी दार वाजवलं. पण जी बाई तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा तुळशीला घालते तिच्या घरातून पाणी वाहतंय, हे ध्यानात आलं तशी त्यांनी हाका मारणं थांबवलं आणि खाली जाऊन आपल्याकडची किल्ली आणली.

मी जळगावात चहा गाळत होते. फोनवर सुमनताई म्हणाल्या, "वहिनी, आधी बसा." मी म्हटलं, "बसलेच आहे, बोला." आणि मी उभीच होते, हातात गाळणं. अक्का झोपेतच गेली होती. उशाशी चष्मा, पायाशी घडी घातलेली चादर... सगळं जागच्या जागी. थोरल्या मुलानं, प्रशांतनं, गाडी काढली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. रडू आलं नाही. मनात एकच येत होतं, की अक्काला कळलं आपण एवढं पिंपभर पाणी वाया घालवलं, तर ती किती हळहळेल.

अक्का माझी नणंद, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वय अठ्ठ्याहत्तर. धुळ्यात देवपूरला दोन खोल्यांच्या घरात ती एकटी राहायची, आणि ते थोडेथोडके दिवस नव्हे. माझे केस काळे होते तेव्हापासून. अंत्यविधीला जमलेल्या प्रत्येक बाईनं माझा हात धरून तेच सांगितलं : "बिचारी हो, शेवटपर्यंत एकटीच." पहिल्या एक-दोघींना मी मान हलवली. मग मात्र माझं डोकं फिरलं. एकीला म्हटलं, "बिचारी तुम्ही, बिचारी मी. ती कसली बिचारी?" प्रशांतनं मला दंडाला धरून बाजूला नेलं. त्याला वाटलं आईला धक्का बसलाय. बसला होताच, पण बोलले ते शुद्धीवर बोलले.

अक्काचं सासर नरडाण्याकडचं. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा काविळीनं गेला. मूल नाही. सासरच्यांनी काही छळ वगैरे केला नाही, फक्त तिच्याशी बोलणं कमी कमी करत नेलं. एक दिवस माझे सासरे जाऊन तिला घेऊन आले. ती मॅट्रिक आधीच झालेली होती. टेलिफोन ऑफिसात ऑपरेटरच्या जागा निघाल्या तेव्हा अर्ज केला आणि धुळ्याला लागली. मी लग्न होऊन पाचोऱ्याहून या घरात आले तेव्हा ती सुट्टीला घरी आली होती. कानाला सतत हेडफोन लावल्यानं डोक्यावरचे केस एका रेघेत दबलेले. मला म्हणाली, "तुझं नाव वनमाला ना? छान आहे. जपून ठेव, इथं कोणी घेणार नाही." मला वाटलं, काय खोचक नणंद आहे! पुढं वहिनी झाले, काकू झाले, आई, आजी झाले. 'वनमाला' म्हणून हाक मारणारी अख्ख्या घरात ती एकटीच उरली, आणि लाडात आली की 'वनू'.

आता कानबाईचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई बसते. नारळाची देवी. तिला नथ, डोळे, साडी, दागिने. गाणी म्हणत जागरण, आणि सोमवारी वाजतगाजत निरोप; नारळ मात्र पुढच्या वर्षासाठी जपून ठेवायचा. भाऊबंदकी कुठंकुठं पांगलेली असली तरी त्या दिवशी एका घरी जमते. नैवेद्याचे रोट करतात, जाड, गव्हाचे. आमच्या घरची रीत अशी, की रोटाचे गहू मोजतात ते घरातल्या पुरुषांच्या नावानं. घरातला वडील माणूस एकेकाचं नाव मोठ्यानं घेतो आणि नावामागं पाच मुठी गहू परातीत टाकतो. सगळ्या मुलग्यांच्या, अगदी पाळण्यातल्याच्यासुद्धा. सून गर्भार असेल तर पोटातल्याच्या नावाच्याही पाच मुठी, मुलगा असेल या आशेनं! जो अजून जगात आला नाही त्याची मूठ पडते, आणि ज्या बाईच्या पोटात तो आहे ती परात धरून बसलेली असते. दुसरी रीत म्हणजे हे रोट बाहेरच्या कुणाला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत. पौर्णिमेच्या आत ते घरच्याच माणसांनी संपवायचे.

अक्काची अडचण इथं होती. सासरची म्हणावी तर सासर सुटलेलं. माहेरची म्हणावी तर लेक दिलेली, परकी झालेली. मुठीचा प्रश्नच नाही, ती बाईमाणूस; पण रोट खायचा की नाही याचाही दरवर्षी घोळ. एका वर्षी आमचे चुलतसासरे, आबा, मुठी मोजत होते. मोजून झाल्यावर अक्का सहज म्हणाली, "आबा, मन्ही बी टाका ना." सगळे हसले. आबाही हसले, म्हणाले, "तुन्ही कशी टाकू व पोरी? तुन्हं घर कोठे शे?" वाईट माणूस नव्हता तो. अक्काही हसली, उठली, आणि माझ्याबरोबर पुरण वाटायला बसली. पाटा-वरवंट्याचा एवढा आवाज मी तिच्या हातून कधी ऐकला नव्हता.

पुढच्या श्रावणात ती आलीच नाही. मी ऑफिसात फोन लावला, तर ऑपरेटरच्या त्या गुळगुळीत आवाजात म्हणाली, "बोला, धुळे." मी म्हटलं, "धुळे काय धुळे! येतेस कधी?" तिचा आवाज लगेच घरचा झाला. म्हणाली, "मी नही येत. यंदा कानबाई मन्हा घरमा शे." आमच्या घरी हलकल्लोळ! एकट्या बाईची कानबाई? मुठी कुणाच्या? नारळ कोण आणणार, निरोप द्यायला कोण जाणार? यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, बहिणीला फोन करून विचारलं, "अक्का, मूठ कोनी टाकी?" ती म्हणाली, "माले हात नही शेत का?" हे फोन ठेवून बराच वेळ हसत होते. त्या दिवशी जेवले मात्र कमीच.

तेव्हापासून तिचं घर हे घर झालं. निवृत्तीनंतर तर ती जास्तच रंगात आली. आमच्याकडे भरीत म्हणजे दहा-बारा माणसांचा बेत; हिरवी मोठी वांगी काड्यांवर भाजायची, शेतात पंगत बसायची. एकट्यासाठी भरीत कोणी करत नाही. अक्का करायची. बाजारातून एकच वांगं आणायची, भाजीवाल्यानं 'एकच?' विचारलं की म्हणायची, "हो, नाक्यावर मिरवणूक काढू का त्याची?" पंचाहत्तरी झाली, एसटीचा प्रवास फुकट झाला, तेव्हा तर तिला पंखच फुटले. सकाळी डबा घेऊन स्टँडवर जायची आणि जी गाडी रिकामी दिसेल तिच्या खिडकीत बसायची. शिरपूर, चोपडा, कधी पाचोरा. काम काही नाही. केळीच्या बागा बघायच्या, स्टँडवर चहा प्यायचा, संध्याकाळी परत. पाचोऱ्याहून मला फोन करून म्हणाली होती, "तुझ्या माहेरी आलेय. सगळे मजेत आहेत, तुला कोणी विचारलं नाही." असली वात्रट बाई.

पण मी तिची मजाच तेवढी सांगितली तर ते खोटं होईल. एकदा तिच्या गॅलरीत आम्ही दोघी बसलो होतो. दिवेलागणीची वेळ. तिनं आत जाऊन देवाजवळ दिवा लावला, बाहेर आली, म्हणाली, "दिवसभर काही वाटत नाही गं. ही वेळ मात्र खाते. दिवा लावला की वाटतं, कोणीतरी आतून विचारावं, लावला का दिवा? बस. पुढं काही बोलू नये, एवढंच विचारावं." मी म्हटलं, "मग चल ना जळगावला. घर भरलेलं आहे." तिनं माझ्याकडे बघितलं. "तिथं तुला कोण विचारतं?" खोचून नव्हती म्हणाली, खरंच विचारत होती. मी काहीतरी पुटपुटले, की मुलं कामात असतात, सुनांना नोकऱ्या आहेत, नातवंडांच्या कानात ती बोंडं असतात. ती म्हणाली, "हं." आणि मग आम्ही दोघी खाली पाण्याच्या टँकरपाशी चाललेलं भांडण बघत बसलो.

हे वारल्यावर मला ते "हं" फार वेळा आठवलं. जळगावच्या घरात माणसांना तोटा नाही. सकाळी एकामागून एक चपला घालून बाहेर पडतात, रात्री एकामागून एक येतात, आणि मधल्या वेळात मी असते. अक्काला एकटेपणाचा त्रास होता, पण तो तिच्या ओळखीचा होता. माझ्या एकटेपणाला घरात कोणी ओळखतही नव्हतं, मीसुद्धा नाही.

तीन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा प्रशांत हट्टानं तिला आमच्याकडे घेऊन आला. पोराचं मन चांगलं आहे. त्यानं ठरवूनच टाकलं होतं, की आता आत्या कायमची इथंच राहील. धुळ्याचं घर भाड्यानं देऊ. तिला नातवाच्या अभ्यासाच्या खोलीत पलंग दिला. सुना हवं-नको बघायच्या, पण सारखं 'तुम्ही बसा, तुम्ही बसा'. बसून बसून अक्का वाळायला लागली. तिला चहा स्वतः करायचा असायचा, तर गॅस लावू देत नसत. एका सकाळी बघते तो पिशवी भरून, काळा चष्मा लावून सोफ्यावर तयार. प्रशांत चिडला. "आत्या, उद्या तिथं काही झालं तर? कोणाला कळणारही नाही!" ती शांतपणे म्हणाली, "बाळा, कोठे जगानं ते तुम्ही ठरावं. आते कोठे मरानं तेबी तुम्हीच ठरवशात का?" स्टँडवर सोडायला मी गेले. बस हलताना खिडकीतून म्हणाली, "वनू, तू ये ना कानबाईला. एकदा ये." मी म्हटलं, "अगं बाई, घरची कानबाई सोडून कशी येऊ?" दरवर्षी ती बोलवायची, दरवर्षी मी हेच म्हणायचे, आणि दरवर्षी ते खरंच असायचं.

तिची आणि माझी एक गंमत होती. कानबाई झाल्यावर मी रोज फोन करून विचारायचे, "सरनात का रोट?" म्हणजे, संपले का? एका बाईच्या पाच मुठी, त्याचे रोट असे किती होणार? पण ती आपली दिवसेंदिवस, "नही व, अजून शेत." दुधात कुस्करून खाल्ला, गुळाशी खाल्ला, कडक झाला म्हणून आमटीत बुडवून खाल्ला. पौर्णिमा तोंडावर आली तरी बाईचे रोट चाललेलेच. मी चिडवायचे, "अगं, मुठी टाकतेस की पायली ओततेस?" ती म्हणायची, "मन्ही मूठ मोठी शे." कसली मोठी! तिच्या बांगड्या माझ्या नातीला व्हायच्या.

अक्का आषाढात गेली. दिवसकार्य झालं आणि घरात प्रश्न निघाला, यंदा कानबाई करायची की नाही? आबा आता नाहीत, पण त्यांच्या जागी बोलणारे आहेत. निकाल लागला, की अक्का दिलेली लेक, तिचं सुतक आपल्याला तीनच दिवसांचं. कानबाई करायला हरकत नाही. शास्त्रानं ते बरोबरच असेल. मी भाजी चिरत ऐकत होते. मेल्यावरही बाई कोणाच्या मुठीत नव्हती.

श्रावण लागला आणि मी धुळ्याला गेले, तिचं घर आवरायला. सुमनताई मदतीला वर आल्या. सुमनताई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. बौद्ध घरातल्या, देवदेव काही करत नाहीत, पण अक्काशी त्यांचं इतकं गूळपीठ, की त्या दोघींचं एक वर्तमानपत्र होतं, सकाळी खाली आणि दुपारी वर. भांडी, पांघरुणं, तिची ती एका माणसाची कढई... एकेक बाजूला काढत होतो. देवघराखालच्या फडताळात कानबाईचा पितळी डबा होता; नारळ, नथ, हिरवी साडी, सगळं त्यात. डब्याशेजारी फडक्यात बांधलेली गव्हाची दोन गाठोडी. अक्काची तयारी नेहमीच आधी. पाखडून, निवडून, मोजून ठेवलेले गहू. मी म्हटलं, "दोन कशाला बांधली हिनं?"

सुमनताई माझ्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे? वहिनी, तुम्हाला माहीत नाही?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "दरवर्षी दोनच बांधायच्या. मला पुढ्यात बसवायच्या, म्हणायच्या, सुमन, ऐकायला कोणीतरी पाहिजे. मग मोठ्यानं नाव घ्यायच्या, इंदू. पाच मुठी. मग वनमाला. पाच मुठी. मी विचारलं होतं एकदा, त्या तर येत नाहीत, मग त्यांच्या कशाला? तर म्हणाल्या, येत नाही म्हणून काय झालं, घरातली आहे."

मी खाली फरशीवर बसले. दुसरं गाठोडं ज्या फडक्यात होतं ते मी ओळखलं. माझ्याच जुन्या साडीचं, मीच तिला पुसायला म्हणून दिलेलं. एवढी वर्षं मी दुसऱ्यांच्या नावांसाठी परात धरली. आणि इथं, या दोन खोल्यांत, माझं नाव घेऊन गहू पडत होते. त्याचे रोट होत होते, आणि ते टाकायचे नाहीत, कोणाला द्यायचे नाहीत म्हणून ती माझ्या वाट्याचेही एकटीच खात होती. कडक झालेले, आमटीत बुडवून. आणि मी फोनवर हसत होते... त्या दिवशी, पाणी आल्याच्या पहाटेपासून पहिल्यांदा, मी रडले. सुमनताईंनी समजूत वगैरे घातली नाही, शेजारी बसून राहिल्या.

कानबाईच्या आदल्या दिवशी मी घरी सांगितलं, की मी धुळ्याला चाललेय. सुना गोंधळल्या. प्रशांत म्हणाला, "आई, घरची कानबाई सोडून?" मी म्हटलं, "सोडून कुठं? घरच्याच कानबाईला चाललेय. माझी मूठ तिकडे पडलीय." त्याला काही कळलं नाही. मी समजावत बसले नाही, एसटीत जाऊन बसले. खिडकी मिळाली.

रविवारी नारळाला डोळे लावले, नथ घातली, हिरवी साडी नेसवली. गेलेल्या माणसाचे गहू कोणी मोजत नाही, हे मला ठाऊक आहे. पण अक्कानं ते जिवंतपणी मोजलेले होते, तेव्हा ते तसेच घेतले. गाठोडी परातीत सोडताना सुमनताईंना पुढ्यात बसवलं आणि मोठ्यानं नावं घेतली. 'इंदू' नीट म्हणता आलं. दुसऱ्या नावाला अडखळले. स्वतःचं नाव मोठ्यानं घ्यायची सवयच नाही. पुन्हा घेतलं. दिवेलागणीला दिवा लावला आणि उगाच थोडा वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. मग मीच विचारलं, "लावला का दिवा?" रिकाम्या घरात स्वतःचाच आवाज इतका परका वाटला, की मी गॅलरीत जाऊन बसले.

हे लिहितेय ते तिच्याच स्वयंपाकघरात बसून. सोमवारी निरोप झाला, नारळ परत डब्यात ठेवला, त्यालाही आता काही दिवस झाले. पौर्णिमा जवळ आलीय. रात्री पाइप पिंपात सोडून नळ उघडा ठेवते, आणि पाण्याचा आवाज ऐकायचा राहील या भीतीनं नीट झोप लागत नाही. आज सकाळी प्रशांतचा फोन आला. "आई, कधी येतेस? आत्याचं घर आवरून झालं नाही का अजून?" मी म्हटलं, "रोट संपले की येते." तो म्हणाला, "अजून संपले नाहीत? एकट्या माणसाचे असे किती रोट होतात?"

"दोघींचे आहेत," मी म्हटलं, आणि फोन ठेवून एक दुधात कुस्करायला घेतला.